राख बंधाऱ्याखालचा नाला बारमाही वाहते, विहिरीचं पाणी बदललं. नेमका कोणाले काय विचारायचं?

खालचं_वावर विचारतात:

नमस्कार मंडळी. थोडं लांब लिवतो पण पूर्ण वाचा, कारण हे एकट्या आमच्या गावाचं नाही, थर्मलच्या (कोळशावरच्या औष्णिक वीज केंद्राच्या) खाली जितके गावं हायेत त्या सगळ्याइचं हाय.

आमचं गाव औष्णिक केंद्राच्या राख बंधाऱ्याच्या, म्हणजे पाण्यात कालवलेली कोळशाची राख साठवायच्या तळ्याच्या, उतारावर हाय. गावाचं आन केंद्राचं नाव टाकत नाही, हातात कागद आल्याबिगर कोणावर बोट ठेवायचं नाही. बंधाऱ्याच्या पायथ्यापासून एक नाला निंघते आन आमच्या शिवारातून जाऊन नदीले मिळते. पयले हा नाला दिवाळी झाली की आटे, ढोरं पलीकडं नेतानी पायही ओला होत नव्हता. आता भर मे महिन्यात वाहून राहिला. पाणी राखाडी दिसते, हात घातला आन वाळू दिला तं चामडीवर पांढरी पूड राहते. रात्री मोठा पाऊस झाला की सकाळी नाल्याच्या दोन्ही काठाले राखडीचा थर बसलेला दिसते.

विहिरीचं सांगतो. नाल्यालगतच्या विहिरीवर ज्याइनं ड्रिप बसवलं त्याइचे ड्रिपर बुजून राहिले. जाळीचा फिल्टर उघडून पायला तं आत काळ्या मातीचा चिखल नाही, बारीक राखाडी गाळ, बोटात चोळला तं मातीवानी चिकटत नाही. घरी बाया म्हणतात दाळ शिजत नाही, तुरीची दाळ तासभर चुलीवर ठेवली तरी दाणा तसाच. प्यायले आरओचं कॅन आणतात ज्याइले परवडते ते, बाकीचे तेच पितात.

केंद्राच्या सायबाले भेटलो तं ते म्हणाले आमचं शून्य विसर्ग हाय, सगळं पाणी रिसायकल होते, थेंबही बाहेर जात नाही. प्रदूषण मंडळाचा माणूस एकदा येऊन गेला, भर दुपारी, बाटली भरून नेली, अहवाल काही दिला नाही. आन दुसरीकडं आमच्या कालव्याची हरभऱ्याची दुसरी पाळी कापली, सांगतलं की धरणात पाणी राखून ठेवायचं हाय, विजेसाठी.

आता माह्यं विचारणं असं की थर्मलले पाणी किती घ्यायचं याचा काही नियम हाय का, तो मोजते कोण, आन राखडीचं पाणी बाहेर येते हे आम्ही सिद्ध कसं करायचं? भाषण नको, काम सांगा.

---

शिफ्ट_बी:

भाऊ मी राख हाताळणीत ठेकेदाराकडं काम केलं हाय, कुठं ते सांगत नाही. आतली गोष्ट सांगतो म्हणजे तुमाले प्रश्न बरोबर विचारता येईल.

आपल्या विदर्भातल्या कोळशात राखच तीस-चाळीस टक्के निंघते. ५०० मेगावॅटचा वीज बनवायचा एक संच फुल लोडवर चालला तं दिवसाले सात-आठ हजार टन कोळसा जळते, म्हणजे राख अडीच हजार टनाच्या आसपास धरा. त्यातली साधारण ८० टक्के उडती राख, ती धुराड्याच्या आधी ईएसपीत (विजेनं राख ओढणाऱ्या यंत्रात) पकडतात आन कोरडीच सायलोत (उंच कोठीत) नेता येते, तिथून बल्करमध्ये (बंद टाकीच्या ट्रकमध्ये) सिमेंटवाल्याइले जाते. उरलेली जड राख बॉयलरच्या बुडाशी पडते, ती पाण्यात कालवून पाइपनं बंधाऱ्यात फेकतात. पण जेव्हा बल्कर येत नाही, सिमेंटवाल्याइची मागणी पडते, पावसाळ्यात विटभट्ट्या बंद, तेव्हा उडती राखही पाण्यातच जाते. पातळ स्लरी (राख-पाण्याचा काला) असली तं एका भाग राखेले पाच ते दहा भाग पाणी लागते. म्हणजे राख जितकी ओली जाईल तितकं पाणी बंधाऱ्यात जास्त, आन तितकंच खाली झिरपणार. घट्ट स्लरीची पद्धत हाय, तिच्यात पाणी खूप कमी लागते, पण जुन्या केंद्रात ती सगळ्याइकडं नाही.

आता रिसायकलचं. बंधाऱ्यात राख खाली बसते आन वरचं निवळ पाणी विहिरीसारख्या उभ्या गोल बांधकामातून बाहेर काढून पंपानं परत केंद्रात आणतात. त्याशिवाय बांधाच्या पायथ्याशी एक नाली असते, झिरपलेलं पाणी तिच्यात जमा होऊन तेही पंपानं परत न्यायचं असते. कागदावर शून्य विसर्ग म्हणतात तो या पंपाइच्या भरवशावर. पंप जळला, लाइन गेली, सुट्टे भाग आले नाहीत, तं पाणी थांबत नाही भाऊ, ते नाल्यातच जाणार, उतार तिकडंच हाय. पावसाळ्यात बंधारा काठोकाठ आला की बांध वाचवायसाठी पाणी सोडाच लागते.

म्हणून सायबाले "पाणी सोडता का" असं विचारू नका, तो नाहीच म्हणणार. विचारा, परत आणायच्या पंप हाऊसची लॉगशीट दाखवा. कोणत्या तारखेले कोणता पंप किती तास चालला हे दर शिफ्टमध्ये लिहावं लागते. स्लरीसोबत बंधाऱ्यात पाणी गेलं किती आन परत आलं किती, या दोन आकड्याइतला फरक वाफेनं उडालेल्या आन राखेत अडकलेल्या पाण्यापेक्षा लय जास्त असला तं बाकीचं कुठं गेलं ते त्याइनं सांगायचं.

---

टेल_एन्डचा_कास्तकार:

शिफ्ट_बी भाऊनं चांगलं सांगतलं. मी पाण्याच्या पाळीबद्दल बोलतो, आमची पाणी वापर संस्था हाय आन आम्ही कालव्याच्या टोकाले, म्हणजे पाणी कापलं की पयले आम्हीच.

नियम हाय. केंद्र सरकारच्या पर्यावरण मंत्रालयानं डिसेंबर २०१५ मध्ये काढला, कूलिंग टॉवरवाल्या (पाणी थंड करून परत वापरणाऱ्या) जुन्या औष्णिक केंद्राइनं एका मेगावॅट-तासाले ३.५ घनमीटरपेक्षा जास्त पाणी वापरायचं नाही. हे ऐकायले अवघड वाटते पण सोपं हाय, एक मेगावॅट-तास म्हणजे हजार युनिट आन एक घनमीटर म्हणजे हजार लिटर, म्हणून एका युनिटले साडेतीन लिटर. घरी मीटरवर एक युनिट पडलं की तिकडं जास्तीत जास्त साडेतीन लिटर पाणी.

आता गणित करा. एका ५०० मेगावॅटच्या संचानं महिन्यात २५ कोटी युनिट काढले तं ८७.५ कोटी लिटर पाणी, म्हणजे ८.७५ लाख घनमीटर. वावरात एका पाळीले हेक्टरी ८०० घनमीटर धरलं तं हजार हेक्टरची पाळी. एक संच, एक महिना. आन हे नियमात बसून. नियमाच्या वर युनिटमागं अर्धा लिटर जरी जास्त गेला तं दीडशेच्या वर हेक्टरचा हरभरा कोरडा.

म्हणून मी दर वर्षी जलसंपदा विभागाच्या कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाकतो, धरणातून थर्मलनं कोणत्या महिन्यात किती दलघमी (दशलक्ष घनमीटर) उचललं, मीटरचं रीडिंग काय, बिल किती झालं. पाणी मोजून विकतात त्यामुळं हा आकडा त्याइच्याकडं असतेच, नाही म्हणता येत नाही. वीज किती झाली तो आकडा केंद्रीय विद्युत प्राधिकरण दर महिन्याले साइटवर टाकते, केंद्रवार. एक आकडा दुसऱ्यानं भागायचा, साडेतीनच्या वर जाते का पाहायचं. दहावी पास पोरगा करू शकते.

बैठकीत हा भागाकार कागदावर ठेवला तवा सायबाइचा बोलायचा सूरच बदलला. तोवर आम्ही "कास्तकारावर अन्याय" एवढंच बोलत होतो आन ते मान हलवत.

---

खालचं_वावर:

हे मले माहीतच नव्हतं राजेहो. पण एक, उचललेलं सगळं पाणी वीज बनवायलेच जाते का? त्याइची कॉलनी हाय, बगीचे हायेत, ते यात धरायचं का?

---

टेल_एन्डचा_कास्तकार:

कॉलनीचं वेगळं मागा, बहुतेक ठिकाणी मीटर वेगळं असते. नसलं तं तेच लिहून घ्या की मीटर वेगळं नाही.

---

नागपूर_एन्व्हायरो:

मी पर्यावरण सल्लागार म्हणून काम करतो, बहुतेक काम उद्योगांकडूनच येतं हे आधीच सांगतो. पण या धाग्यावर जे चाललंय ते योग्य दिशेने आहे म्हणून लिहितोय.

पहिलं, "शून्य विसर्ग" हा शब्द सगळ्यांना सारखा लागू नाही. २०१५ च्या अधिसूचनेत १ जानेवारी २०१७ नंतर बसवलेल्या संचांना सांडपाण्याचा शून्य विसर्ग बंधनकारक केला, आणि पाण्याची मर्यादा आधी २.५ घनमीटर ठेवली होती ती जून २०१८ मध्ये ३ केली. जुन्या संचांना काय लागू आहे ते प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात, म्हणजे केंद्र चालवायच्या परवानगीत, बघायचं. राख तलावातून बाहेर पडणाऱ्या पाण्याला तरंगत्या घन कणांची मर्यादा लिटरला १०० मिलिग्रॅम आहे, सामू (पीएच) ६.५ ते ८.५ मध्ये हवा. बऱ्याच संमतीपत्रांत मंडळ याहून कडक अट घालतं, सगळं पाणी परत वापरा अशी. तुमच्या केंद्राचं संमतीपत्र काढा आणि ती एक ओळ शोधा, अख्खं प्रकरण त्या ओळीवर उभं राहील.

दुसरं, कागद कुठे मिळतात. दर वर्षी ३० सप्टेंबरच्या आत प्रत्येक केंद्राला मंडळाकडे पर्यावरण विवरणपत्र, म्हणजे फॉर्म पाच, द्यावं लागतं. त्यात पाण्याचा वापर, प्रदूषकं, राख किती झाली आणि कुठे गेली हे सगळं केंद्राने स्वतः सही करून लिहिलेलं असतं. पर्यावरण मंजुरी मिळालेल्या प्रकल्पांना अटींचं पालन केल्याचा सहामाही अहवाल द्यावा लागतो, तो पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर किंवा कंपनीच्या साइटवर असायला हवा. सरकारी केंद्र असेल तर थेट त्यांच्याकडेच माहितीचा अर्ज करता येतो, खासगी असेल तर मंडळाकडे आणि जलसंपदाकडे करायचा. त्या दुपारच्या नमुन्याचा अहवालही मंडळाकडूनच मागा, नमुना सरकारी आहे म्हणजे अहवालही सरकारी कागद आहे. तारीख आणि जागा लिहून मागितला तर शोधायला सोपं जातं.

तिसरं, राखेचं. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने १०० टक्के राख वापरायला लावली आहे, तीन वर्षांच्या चक्रात, आणि वापरली नाही तर टनाला १००० रुपये पर्यावरण भरपाई. जुनी साठलेली राख दहा वर्षांत संपवायची आहे. तुमच्या बंधाऱ्यातली जुनी राख किती, दर वर्षी त्यातली किती उचलतात हा प्रश्न विचारायलाच हवा, कारण बंधारा रिकामा होत गेला तरच त्याच्यावरचा पाण्याचा दाब कमी होईल. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळच्या कोराडी औष्णिक केंद्राच्या खसाळा राख बंधाऱ्याचा बांध मुसळधार पावसात फुटला, राख शेतांतून नदीत गेली. भरलेला बंधारा आणि जोराचा पाऊस एकत्र आले की हे कुठेही होऊ शकतं, त्यामुळे तुमच्या गावाने बांधाच्या तपासणीचा शेवटचा अहवालही मागावा.

आणि पाण्याचं अजून एक. जानेवारी २०१६ च्या वीज दर धोरणात आहे की महापालिकेच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आत असलेल्या औष्णिक केंद्राने ते शुद्ध केलेलं सांडपाणीच वापरायचं. नागपूरच्या भांडेवाडीत शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीला जातं, १३ कोटी लिटर रोजची ती योजना आहे, आणि तेवढं पेंच धरणाचं पाणी मोकळं राहतं. विदर्भात हे करून दाखवलेलं आहे, त्यामुळे "होत नाही" हे उत्तर कोणी दिलं तर ऐकून घेऊ नका.

---

ग्रामपंचायत_ताई:

मी सरपंच आहे, आमचं गाव दुसऱ्या केंद्राजवळ आहे. भाऊ, तुम्ही पाण्याचं लिहिलं, आमच्याकडे उन्हाळ्यात सुकलेल्या बंधाऱ्यावरून वारा सुटला की वाळत घातलेले पापड, सांडगे सगळे राखेनं माखतात, पोरांचे डोळे चुरचुरतात. आणि धूळ उडू नये म्हणून बंधाऱ्यावर पाणी मारायचं असतं, तेही धरणाचंच.

मला एवढंच सांगायचं की एकट्यानं अर्ज देऊ नका. ग्रामसभा घ्या, ठराव करा, ठरावात नाल्याचं नाव, गट नंबर, कोणकोणत्या विहिरी हे सगळं लिहा. आमच्या ठरावात आम्ही संयुक्त पाहणी मागितली, प्रदूषण मंडळ, जलसंपदा, भूजल सर्वेक्षण विभाग, तहसील आणि केंद्राचा माणूस एकाच दिवशी, एकाच नाल्यावर. वेगवेगळे आले की जो तो दुसऱ्याचं नाव सांगतो. एकत्र उभे राहिले की पंचनाम्यावर सही करावी लागते. तारीख आम्ही पावसाळ्यातली मागितली, त्यांनी जानेवारी दिली, आम्ही परत ठराव केला. शेवटी ऑगस्टमध्ये आले आणि त्या दिवशी नाला वाहत होता.

बायकांना ग्रामसभेत बोलवा. विहिरीचं पाणी कधीपासून बदललं हे पुरुषांपेक्षा त्यांना नीट सांगता येतं, दाळ त्या शिजवतात.

---

रोखठोक_वऱ्हाडी:

सगळं वाचलं. मले एक सांगा, हे कागद गोळा करून कोणाचं भलं झालं? आमच्या गावातले पन्नास पोरं त्याच थर्मलमध्ये ठेक्यावर हायेत. तुम्ही तक्रार केली की पयले त्याइचा गेटपास बंद. आन केंद्र बंद पडलं तं वीज कुठून येईल, तुमच्या मोटारी कशावर चालतील? पाणी लागणारच ना विजेले.

---

खालचं_वावर:

भाऊ तुमची पोराइची काळजी बरोबर हाय, माह्या घरातला एक पोरगा पण तिथंच हाय, म्हणूनच नाव टाकलं नाही. पण केंद्र बंद करा असं कोण म्हणते इथं? पंप चालू ठेवा म्हणून राहिलो. पायथ्याची नाली साफ ठेवा, झिरपलेलं पाणी परत न्या, राख कोरडी उचला. हे केल्यानं कोणाची नोकरी जात नाही, उलट पंपावर माणसंच लागतील. आन आम्ही वीज फुकट नाही वापरत, पण लोडशेडिंगमुळं रात्री मोटार लावायले उठतो आन जे पाणी वर येते त्यानं पिकं जळते, ते कोणी मोजते का?

---

शिफ्ट_बी:

रोखठोक भाऊ, ठेक्यावरच्या पोराइले धोका हाय ते खरं हाय, म्हणून अर्ज ग्रामपंचायतीच्या नावानं जाऊ द्या, कोण्या पोराच्या बापाच्या नावानं नको. सरपंच ताईनं तेच सांगतलं. आन आणखी एक, पाणी नसल्यानं केंद्रच बंद पडते. २०१० च्या उन्हाळ्यात चंद्रपूरच्या थर्मलचे संच इरई धरण आटल्यामुळं बंद करा लागले होते. पाणी वाचवलं तं पोराइचं काम टिकते.

---

खालचं_वावर:

नागपूरवाले सर, पाण्याची तपासणी आम्हीच केली तं चालते का? खासगी लॅबमध्ये? आन काय काय तपासायचं? आमच्याइकडं फ्लोराइडचं आधीपासूनच बोलतात.

---

नागपूर_एन्व्हायरो:

चांगला प्रश्न, आणि फ्लोराइडचं तुम्ही स्वतः काढलं ते बरं झालं. चंद्रपूर, यवतमाळकडे जमिनीतूनच फ्लोराइड येतं, त्यामुळे फक्त फ्लोराइड जास्त निघालं म्हणून राखेवर ढकललं तर समोरचा वकील तिथेच तुम्हाला अडवेल. राखेच्या पाण्याची ओळख सल्फेट, बोरॉन, एकूण विरघळलेले क्षार आणि कठीणपणा यांच्यात शोधा. सोबत आर्सेनिक आणि इतर जड धातू करून घ्या, ते महाग पडतात, एक-दोन नमुन्यांचे केले तरी चालेल. दाळ न शिजणं म्हणजे कठीणपणा वाढलाय, ते आकड्यातही दिसेल.

एक नमुना कधीच पुरत नाही. बंधाऱ्याच्या पायथ्याजवळचं नाल्याचं पाणी, तुमच्या विहिरीचं पाणी, आणि बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला किंवा नाल्यापासून खूप लांब असलेल्या त्याच शिवारातल्या विहिरीचं पाणी, एकाच दिवशी. लांबच्या विहिरीत सल्फेट कमी आणि नाल्याकाठी जास्त, असं दिसलं तर बोलता येतं. भूजल विभागाच्या निरीक्षण विहिरी तालुक्यात असतात, तुमच्या जवळच्या विहिरीचे जुने आकडे मागा. केंद्र यायच्या आधीचे मिळाले तर सोनं.

खासगी लॅब मान्यताप्राप्त घ्या. बाटल्या लॅबच देते, धातूंच्या बाटलीत आधीच ॲसिड असतं, ती धुऊ नका. साधी बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची, काठोकाठ भरायची, बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी पोहोचवायची. भरताना फोनवर तारीख-वेळ-जागेसह फोटो, दोन पंचांच्या सह्या, आणि विहीर असेल तर मोटार थोडा वेळ चालवून मग नमुना. हे लक्षात ठेवा की कायदेशीर नमुना मंडळाचा अधिकारी घेतो तोच, जल कायद्याच्या कलम २१ प्रमाणे, केंद्राला नोटीस देऊन, दोन भाग करून. तुमचा नमुना त्याला भाग पाडण्यासाठी आहे.

मुदतीचं विसरू नका. राष्ट्रीय हरित लवादात (पर्यावरणाचे खटले चालतात तिथे) पर्यावरणाच्या वादाचा अर्ज कारण घडल्यापासून सहा महिन्यांत करायचा असतो, नुकसान भरपाईचा पाच वर्षांत. आपल्यासाठी खंडपीठ पुण्याला आहे, स्वतः बाजू मांडता येते. भरपाई मागायची असेल तर ई-पीक पाहणीत तुमच्या गटावर त्या हंगामाचं पीक नोंदलेलं हवं, आणि कृषी विभागाचा पंचनामा हवा. पीकच नोंद नसेल तर नुकसान कसलं, असा प्रश्न येतो.

---

खालचं_वावर:

सर्वाइचे लय आभार. ग्रामसभा लावायची ठरली. अर्जात असं लिवलं हाय, चुकलं तं सांगा: "बंधाऱ्यात स्लरीसोबत गेलेलं आणि परत आणलेलं पाणी, पायथ्याच्या नालीच्या पंपांची लॉगशीट, चालू संमतीपत्राची प्रत, मागच्या तीन वर्षांचे फॉर्म पाच, जुन्या राखेचा साठा आणि दरवर्षीची उचल, आणि बांधाच्या शेवटच्या तपासणीचा अहवाल मिळावा."

---

शिफ्ट_बी:

लॉगशीटच्या पुढं महिने लिवा, जून ते सप्टेंबर, आन तिन्ही शिफ्टच्या मागा. नुसतं "लॉगशीट" म्हणलं तं दिवसपाळीची देतील, पाणी तं रात्री येते.